पाच महिन्यांच्या बाळाचं हृदय कमजोर झालंय. कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डीच्या कमतरतेमुळे असं होऊ शकतं का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमचा मुलगा पाच महिन्यांचा आहे. महिनाभर तो दूध पिताना दमत होता, कपाळाला घाम येत होता, वजन वाढायचं थांबलं होतं. सर्दी समजून औषधं झाली. मग एका रात्री श्वास फारच जोरात चालू लागला म्हणून दवाखान्यात नेलं. तिथे इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली आणि 'डायलेटेड कार्डिओमायोपॅथी, ईएफ २२ टक्के' असं लिहून आलं. (ईएफ म्हणजे डावा कप्पा दर ठोक्याला आपल्यातलं किती टक्के रक्त पुढे ढकलतो तो आकडा.) रक्तात कॅल्शियम ५.९ आणि व्हिटॅमिन डी ६ निघालं. एक डॉक्टर म्हणाले, कमतरतेमुळे झालंय, बरं होईल. दुसरे म्हणाले, हृदय प्रत्यारोपणाचाही विचार मनात असू द्या. तुम्ही विचारलंय: कमतरतेने हृदय इतकं खराब होतं का, ते पूर्ववत होईल का, आणि तो फक्त अंगावर पीत होता म्हणजे चूक माझी का.

मी बालहृदयरोगतज्ज्ञ आहे, या कामाला २२ वर्षं झाली. बाळाला प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, इकोची चित्रं पाहिलेली नाहीत, त्यामुळे खाली जे लिहिते त्यातलं काय तुमच्या बाळाला लागू आहे हे त्याचे डॉक्टरच ठरवू शकतील. पण या आजाराकडे आम्ही कसं बघतो, हे मोकळेपणाने सांगता येईल.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो मनात असेपर्यंत बाकीचं काही डोक्यात शिरणार नाही. चूक तुमची नाही. आईचं दूध बाळासाठी उत्तमच आहे, पण व्हिटॅमिन डी ही एक गोष्ट त्यात मुळातच फार कमी असते. बाळाला रोज ४०० युनिट लागतात आणि आईच्या दुधात लिटरमागे सहसा शंभर युनिटही नसतात. आई कितीही सकस खात असली तरी एवढ्याने हा खड्डा भरत नाही. बाळ जन्मताना थोडा साठा घेऊन येतं, तोही आईकडूनच आलेला असतो. आईच्या शरीरातच कमी असेल तर बाळाची सुरुवात रिकाम्या डब्याने होते. त्यात त्वचा सावळी असेल आणि ऊन अंगावर पडत नसेल, तर चार-पाच महिन्यांत तळ दिसू लागतो. म्हणूनच अंगावर पिणाऱ्या बाळांना पहिल्या काही दिवसांपासून डीचे थेंब द्यायला सांगतात. ते तुम्हाला कुणी सांगितलं नसेल किंवा नीट समजावलं नसेल, तर ती उणीव सांगणाऱ्यांची आहे. दूध बंद करू नका. या बाळाला तुमचं दूधही हवंय आणि थेंबही.

आता मूळ मुद्दा. 'डायलेटेड कार्डिओमायोपॅथी' हे शब्द कागदावर आले की घरच्यांना वाटतं निदान झालं. खरं तर ते निदान नाही, वर्णन आहे. हृदयाचा डावा कप्पा फुगलाय आणि त्याची भिंत नीट आकुंचन पावत नाही, एवढंच ते सांगतं. का, ते सांगत नाही. पाय सुजलाय असं म्हणण्यासारखंच आहे हे. मुरगळलाय, मोडलाय की पू झालाय हे वेगळं शोधावं लागतं. बाळांमध्ये या वर्णनाखाली डझनभर वेगवेगळी कारणं लपलेली असतात. काहींवर आजही आमच्या हातात फारसं काही नाही. काही मात्र अशी आहेत की कारण सापडलं आणि ते दूर केलं, तर तेच हृदय, तीच भिंत पुन्हा नेहमीसारखी चालू लागते. पोषणातल्या कमतरता या दुसऱ्या गटातल्या. तुमच्या दोन डॉक्टरांच्या बोलण्यातलं अंतर इथूनच आलंय: एक जण कारणाकडे बघून बोलतोय, दुसरा वर्णनाकडे बघून. दोघंही प्रामाणिक असू शकतात.

कॅल्शियम कमी पडलं तर हृदय का थकतं

हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला पेशीच्या आत कॅल्शियम सुटावं लागतं. ते सुटलं की स्नायूचे धागे एकमेकांवर सरकतात आणि भिंत आवळली जाते. ते परत गोळा झालं की भिंत सैल पडते. मोठ्या माणसाच्या हृदयपेशीत यासाठी स्वतःचं कोठार असतं आणि बहुतेक कॅल्शियम तिथूनच येतं. लहान बाळाच्या पेशीत ते कोठार अजून पुरतं तयार झालेलं नसतं. त्याचा प्रत्येक ठोका पेशीबाहेरच्या, म्हणजे रक्तातल्या कॅल्शियमवर जास्त अवलंबून असतो. म्हणून रक्तातलं जे कमी कॅल्शियम एखादा मोठा माणूस हातापायाला मुंग्या येण्यावर निभावून नेतो, तेच बाळाचं हृदय पार खाली आणू शकतं. या वयात आजार एवढा उग्र का होतो, याचं हे मोठं कारण आहे.

हे क्वचित कुठेतरी घडतं असंही समजू नका. इंग्लंडच्या आग्नेय भागातल्या डॉक्टरांनी २००० ते २००६ या काळातली अशी १६ बाळं एकत्र मांडली आणि २००८ मध्ये ती माहिती प्रसिद्ध झाली. सगळी बाळं सावळ्या किंवा काळ्या वर्णाच्या कुटुंबांतली होती, सगळ्यांना आईचं दूध मिळालेलं होतं. सहा बाळांचं हृदय मध्येच थांबलं होतं, तीन बाळं दगावली. दोघांना तर प्रत्यारोपणासाठी पाठवलं गेलं होतं. हे सगळं कशामुळे? ज्याचे थेंब रोज तोंडात घालता येतात अशा एका जीवनसत्त्वामुळे. तो लेख मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला वाचायला लावते.

यामागे माझा स्वतःचाही एक अनुभव आहे आणि तो सांगायला मला जड जातं. मी प्रशिक्षणात होते. एका अतिदक्षता विभागात तीन-साडेतीन महिन्यांचा मुलगा आला, हृदय फुगलेलं, ईएफ वीसच्या आसपास. विषाणूमुळे हृदयाला सूज आलीय असं आम्ही सगळ्यांनी पहिल्याच तासात ठरवून टाकलं. लघवी वाढवणारं औषध, हृदयाला जोर देणारी औषधं, सगळं सुरू केलं. दुसऱ्या दिवशी कॅल्शियमचा अहवाल आला होता. फाइलमध्ये लावला गेला, कुणी नीट पाहिला नाही, मीही नाही. रात्रपाळीच्या परिचारिकेने मला उठवलं: डॉक्टर, बाळाचा हात बघा, अंगठा तळव्यात ओढला जातोय. कॅल्शियम फार उतरल्याची ती खूण. तेव्हा फाइल उघडली. सलाइनमधून कॅल्शियम सुरू केलं आणि दुसऱ्या सकाळी हृदयाला जोर देणाऱ्या औषधाचा डोस निम्म्यावर आणता आला. मूल वाचलं. पण ते दोन दिवस वाया गेले, आणि त्या दोन दिवसांत आम्ही देत असलेलं लघवीचं औषध, फ्युरोसेमाइड, त्याचं उरलंसुरलं कॅल्शियमही लघवीवाटे बाहेर काढत होतं. तेव्हापासून माझा नियम असा: कमजोर हृदयाचं बाळ समोर आलं की इकोचं यंत्र येईपर्यंत आयोनाइज्ड कॅल्शियमचा, म्हणजे रक्तात मोकळं असलेल्या, शरीराला थेट वापरता येणाऱ्या कॅल्शियमचा नमुना गेलेला असला पाहिजे, आणि त्याचा आकडा मी फोनवर विचारून घेते.

तुमच्या बाळात कारण हेच आहे, हे कशावरून ठरवायचं

इथे मी जरा सावध बोलते. व्हिटॅमिन डी कमी आहे एवढ्यावरून हृदय त्यामुळेच बिघडलं असं म्हणता येत नाही. डीची कमतरता इतकी सर्रास आढळते की दुसऱ्याच कारणाने हृदय कमजोर झालेल्या बाळातही ती सापडते. मला पटण्यासाठी साखळीतल्या बऱ्याचशा कड्या जुळाव्या लागतात. डी खूप कमी. त्यामुळे कॅल्शियम कमी. ते सावरण्यासाठी पॅराथायरॉइड ग्रंथीने जोर लावलेला, म्हणजे तिचं संप्रेरक, पीटीएच, वाढलेलं. हाडांवर ताण आल्याने रक्तातलं अल्कलाइन फॉस्फटेज हे एन्झाइम चढलेलं. मनगटाच्या किंवा गुडघ्याच्या एक्स-रेमध्ये हाडाची टोकं मुडदुसासारखी विस्कटलेली, जरी अगदी लहान बाळात ते नेहमी दिसेलच असं नाही. आणि ईसीजीमध्ये क्यूटी, म्हणजे प्रत्येक ठोक्यातला विजेच्या लहरीचा एक ठरावीक काळ, लांबलेला. शेवटची आणि सगळ्यात बोलकी कडी म्हणजे कॅल्शियम भरून काढल्यावर हृदय उचल खाऊ लागतं.

तुमच्या अहवालातला कॅल्शियमचा ५.९ हा आकडा खराच कमी आहे, साधारण साडेआठच्या वर हवा. पण तो एकूण कॅल्शियमचा आहे. आजारी बाळात अल्ब्युमिन हे रक्तातलं, कॅल्शियम धरून ठेवणारं प्रथिन उतरलेलं असतं आणि त्यामुळे एकूण आकडा खोटाच कमी दिसू शकतो. म्हणून आयोनाइज्ड कॅल्शियम किती होतं, हे विचारा. पीटीएच किती आलं, हेही विचारा. कॅल्शियम इतकं कमी असताना पीटीएच वाढलेलं नसेल, तर गोष्ट वेगळी आहे. मग ग्रंथीच नीट काम करत नाही असं समजावं लागतं, त्यामागे २२ क्रमांकाच्या गुणसूत्राचा छोटा तुकडा नसणं असू शकतं, आणि उपचार, तपासण्या दोन्ही बदलतात. मॅग्नेशियमही पाहायला हवं. ते कमी असेल तर ओतलेलं कॅल्शियम टिकत नाही.

आणि एक गोष्ट कमतरता सापडली तरी सोडायची नाही. या वयात एक जन्मजात दोष हुबेहूब असाच दिसतो: हृदयाच्या स्नायूला रक्त देणारी डावी धमनी महाधमनीऐवजी फुप्फुसाच्या धमनीतून निघालेली असते. बाळ दोन-चार महिन्यांचं होईपर्यंत निभतं, मग स्नायू उपाशी पडतो, दूध पिताना घाम, धाप, फुगलेलं हृदय, सगळं तेच. त्याला शस्त्रक्रिया लागते आणि ती वेळेत झाली तर हृदय चांगलं सावरतं. म्हणून 'दोन्ही कोरोनरी धमन्या योग्य जागेवरून निघताना स्पष्ट दिसल्या का' हा प्रश्न इको करणाऱ्या डॉक्टरांना जरूर विचारा. हा प्रश्न विचारलेला कुठल्याही चांगल्या डॉक्टरला खटकत नाही. महाधमनी कुठे अरुंद नाही ना, ठोक्यांची गती कायम २०० च्या वर तर राहत नव्हती ना, हेही बघितलेलं असावं. बहुधा त्यांनी बघितलंच असेल.

उपचार कसे चालतात

सुरुवातीला कॅल्शियम शिरेतून, हळूहळू, मॉनिटरवर ठोके बघत दिलं जातं. घाईने दिलं तर ठोके मंदावतात, आणि सुई शिरेबाहेर सरकली तर त्वचा भाजल्यासारखी जळते, म्हणून परिचारिका सारखी ती जागा तपासताना दिसली असेल. मग तोंडाने कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी. नुसतं डी देऊन भागत नाही: इतके दिवस भुकेलेली हाडं डी मिळताच रक्तातलं कॅल्शियम ओढून घेतात आणि रक्तातला आकडा आणखी खाली जाऊ शकतो. दोन्ही बरोबरीने चालावी लागतात. त्यात डीचे थेंब रोजचे, ठरलेल्या मात्रेचे. 'एकदाच मोठं इंजेक्शन देऊन टाकू' असा सल्ला कुणी दिला तर आधी तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारा. जास्त झालेलं कॅल्शियमही हृदयाला आणि मूत्रपिंडाला त्रास देतं. बाळाला डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध चालू असेल तर शिरेतून कॅल्शियम देताना विशेष जपावं लागतं. दुसऱ्या दवाखान्यात जायची वेळ आली तर औषधांची यादी बरोबर असू द्या.

हृदयाची औषधं वेगळी चालू राहतात. लघवीचं औषध, रक्तवाहिन्या सैल करणारं, कधी ठोक्यांवर लगाम घालणारं. कारण गेलं तरी भिंत लगेच सावरत नाही, तोवर तिच्यावरचा भार ही औषधं कमी ठेवतात. रक्तातलं कॅल्शियम काही दिवसांत जागेवर येतं. माझ्या पाहण्यात धाप आणि घाम पहिल्या आठवडा-दोन आठवड्यांत बराच कमी होतो, ईएफ त्यामागून चढते. आधी २२ ची ३०, मग ४०. ५५ च्या वर जाऊन कप्प्याचा फुगवटा पूर्ण ओसरायला तीन महिन्यांपासून वर्षभरापर्यंत काहीही लागू शकतं. पहिल्या महिन्यात आकडा फार हलला नाही म्हणून खचू नका. उलट बाळ हसू-खेळू लागलं, वजन धरू लागलं की घरातलं कुणीतरी म्हणतं, 'आता कशाला एवढी औषधं?' आणि नेमकं तेव्हाच ती बंद होतात. माझ्याकडे अशी मुलं परत आलेली आहेत. औषधं इको पाहूनच, एकेक करून कमी करायची असतात.

म्हणजे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं: साखळीतल्या कड्या जुळत असतील, कोरोनरी धमन्या ठीक असतील आणि उपचारानंतर सुधारणा दिसू लागली असेल, तर हृदय पूर्ववत होण्याची आशा खरी आणि मोठी आहे. ती दिलासा द्यायला म्हणून सांगत नाही. प्रत्यारोपणाची चर्चा अशा बाळात कारण नीट भरून काढल्यावर, पुरेसा वेळ देऊनही हृदय हललं नाही तरच व्हायला हवी. तुमचे दुसरे डॉक्टर बहुधा सगळ्यात वाईट शक्यता लपवून ठेवायची नाही म्हणून बोलले असतील.

इतर कमतरता, ज्या याच वेषात येतात

तुम्ही विचारलं नाहीये, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या एखाद्या आईच्या किंवा तरुण डॉक्टरच्या उपयोगी पडेल म्हणून लिहिते.

माझ्या मते सगळ्यात जास्त निसटणारी कमतरता थायमिनची, म्हणजे व्हिटॅमिन बी-१ ची. साखरेतून ऊर्जा काढण्याच्या वाटेवर जे दार आहे त्याची किल्ली थायमिन. किल्ली नसेल तर इंधन समोर असून हृदयाला वापरता येत नाही आणि रक्तात लॅक्टिक आम्ल साठत जातं. शरीरातला साठा दोन-तीन आठवडेच पुरतो. आईच्या आहारात बी-१ कमी, विशेषतः पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळावरच भर, तर तिच्या दुधातही ते कमी उतरतं, आणि दोन-तीन महिन्यांचं गुटगुटीत दिसणारं बाळ काही तासांत कोसळतं. रडताना आवाज घोगरा होणं, कधी आवाजच न फुटणं, ही खूण लक्षात ठेवण्यासारखी. याचा उग्र प्रकार जपानी नावाने, शोशिन बेरीबेरी म्हणून ओळखला जातो. तांदळाशी असलेला संबंध जावामध्ये डच डॉक्टर ख्रिस्तियान आइकमान यांना कोंबड्यांवरून लक्षात आला होता. त्यांना १९२९ मध्ये नोबेल मिळालं. इतका जुना, इतका समजलेला आजार असूनही २००३ मध्ये इस्राएलमध्ये सोयाबीनपासून केलेल्या एका बाळदुधात थायमिन पुरेसं नसल्याने बाळं गंभीर आजारी पडली. काही दगावली, वाचलेल्या काहींना पुढे बोलण्याचे, तोल सांभाळण्याचे आणि फिट्सचे त्रास राहिले. थायमिनच्या बाबतीत माझा हिशोब सरळ आहे: तपासणीचा अहवाल यायला दिवस लागतात, औषध अतिशय सुरक्षित आहे, आणि आजार तोच असेल तर काही तासांत फरक दिसतो. म्हणून कारण न कळलेलं, लॅक्टेट चढलेलं, हृदय थकलेलं तान्हं बाळ आलं तर मी अहवालाची वाट न बघता थायमिन देते, आणि ग्लुकोजचं सलाइन जोरात लावण्याआधी देते, कारण किल्ली नसताना साखर ओतली तर कोंडी वाढते. फ्युरोसेमाइड दीर्घकाळ चालू असलेल्या मुलांत थायमिनही लघवीतून जातं, हे जाता जाता.

सेलेनियमची कथा मला नेहमी थक्क करते. चीनच्या हेइलोंगजियांग प्रांतातल्या केशान परगण्यात १९३५ मध्ये हृदयाच्या स्नायूचा एक आजार पसरला. मुलं आणि मूल होण्याच्या वयातल्या बायका त्यात सापडायच्या. आजाराला नावच केशान पडलं. तिथल्या मातीत सेलेनियम फार कमी, म्हणून धान्यात कमी, म्हणून माणसांत कमी. १९७४ मध्ये सिचुआनमधल्या बाधित भागात एक ते नऊ वर्षांच्या मुलांना आठवड्यातून एकदा सोडियम सेलेनाइटची गोळी देऊन पाहिली. गोळी मिळालेल्या ४५१० मुलांत १० जणांना आजार झाला, न मिळालेल्या ३९८५ मुलांत ५४ जणांना. पुढच्या वर्षीही तोच कल राहिला. पण एवढ्याने गोष्ट पूर्ण होत नव्हती, कारण आजार ऋतूप्रमाणे कमी-जास्त व्हायचा, जो नुसत्या कमतरतेने होऊ नये. पुढे संशोधक मेलिंडा बेक आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर दाखवलं की एरवी निरुपद्रवी असलेला कॉक्सॅकी विषाणू सेलेनियम कमी असलेल्या उंदराच्या शरीरात स्वतः बदलतो आणि हृदयाला इजा करू लागतो. तोच बदललेला विषाणू मग धडधाकट उंदरालाही सोडत नाही. म्हणजे 'विषाणू की कमतरता' हा प्रश्नच कधी कधी चुकीचा असतो. दोन्ही हातात हात घालून येतात. आज मला सेलेनियम आठवतं ते बराच काळ शिरेतूनच पोषण घेणाऱ्या, किंवा फिट्ससाठी किटोजेनिक (भरपूर चरबी, अगदी कमी पिष्ट असलेल्या) आहारावर असलेल्या मुलांच्या बाबतीत. त्यांच्या आहारात ते मुद्दाम घातलेलं आहे ना, हे बघावं लागतं.

कार्निटिन जरा वेगळं. चरबीचं इंधन पेशीतल्या भट्टीपर्यंत वाहून नेणारा तो हमाल. काही मुलांत तो पेशीत शिरण्याचं दारच जन्मतः बिघडलेलं असतं, मग तो लघवीतून वाहून जातो. हृदय फुगतं, स्नायू ढिले पडतात, उपाशी राहिलं की साखर एकदम उतरते. हा आनुवंशिक आजार आहे, तरी उपचार पोषणासारखाच: तोंडाने कार्निटिन, आयुष्यभर. हृदय अक्षरशः महिन्यांत लहान होताना मी पाहिलंय. घरात आधी एखादं मूल असंच अचानक गेलं असेल तर ही तपासणी टाळू नये.

लोहाच्या कमतरतेने रक्त फार उतरलं, हिमोग्लोबिन चार-पाचवर आलं, तर हृदय जास्त वेगाने धावून धावून थकतं. इथे उतावळेपणा घात करतो: आधीच भरलेल्या हृदयात रक्त भराभर चढवलं तर बाळ त्यानेच बुडतं, थोडं थोडं आणि सावकाश द्यावं लागतं. तीव्र कुपोषणात तर हृदय फुगण्याऐवजी बारीक होतं, दंडाचा स्नायू झिजावा तसा हृदयाचाही झिजतो. अशा मुलाच्या अंगावरची सूज हृदयाची समजून लघवीचं औषध देणं चूक, आणि सलाइन भरपूर चढवणंही चूक. पहिल्या दिवसांत भरपेट खाऊ घालणंसुद्धा धोक्याचं, कारण अन्न मिळताच रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम पेशींत ओढलं जातं आणि हृदयाची लय बिघडू शकते. म्हणूनच कुपोषण केंद्रात आधी पातळ, कमी ऊर्जेचं दूध देतात आणि घरचे म्हणतात, 'पोटभर का देत नाही?' त्यामागे हे कारण असतं.

घरी गेल्यावर

बाळाला थोडं थोडं, वारंवार पाजा. चोखताना दमत असेल तर दूध काढून वाटी-चमच्याने दिलं तरी चालतं. वजन धरत नसेल तर ऊर्जा कशी वाढवायची ते डॉक्टर सांगतील, स्वतःहून दुधात काही मिसळू नका, पाणी तर नाहीच. झोपेत, शांत असताना छातीचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजायची सवय लावा आणि लिहून ठेवा. या वयात मिनिटाला ५० किंवा त्याहून जास्त श्वास, दूध नाकारणं, थंड घाम, चेहरा राखाडी पडणं, हातपाय ताठरणं किंवा झटके येणं, मूल लुळं पडणं, यातलं काहीही दिसलं तर वाट बघत बसू नका, रात्र असली तरी निघा. ठरलेली लसीकरणं चालू ठेवा. ताप आणि छातीचा संसर्ग अशा हृदयाला जड जातो.

तुमची मोठी मुलगी तीन वर्षांची आहे असं लिहिलंय. तिचा इको करायची घाई नाही, पण तिचं कॅल्शियम, अल्कलाइन फॉस्फटेज आणि डी तपासून घ्या. मनगटं रुंद दिसतात का, पाय वाकलेत का, हे डॉक्टरांना बघू द्या. आणि ताई, तुमचं स्वतःचं. बाळाचं डी ६ असेल तर तुमचंही फार वेगळं नसणार. सहसा घरातल्या सगळ्यांची तपासणी होते आणि आईची राहून जाते. पाठ दुखणं, जिना चढताना मांड्या भरून येणं, हे 'बाळंतपणानंतर होतंच' म्हणून सोडून देऊ नका. तुमचा रक्ताचा नमुना बाळाच्या पुढच्या तपासणीच्याच दिवशी द्या, आणि पुढे कधी आणखी एका बाळाचा विचार केलात तर दिवस राहण्याआधी तुमचा साठा भरलेला असू द्या. बाळाचं आयोनाइज्ड कॅल्शियम, पीटीएच आणि कोरोनरीबद्दल काय कळतं ते इथेच लिहा, मी परत बघेन.